दोन जाहिराती आणि एक मुलाखत

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन वर्ष उलटले होते, तेव्हा एकाच आठवड्यात एकाच विद्यापीठाच्या दोन जाहिराती माझ्या पाहण्यात आल्या. एक लिपिक-टंकलेखक पदाची, दुसरी सड्यांवरील, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या पठारांवरील, वनस्पतींच्या अभ्यासप्रकल्पासाठी प्रकल्प सहयोगी नेमण्याची. लिपिकपदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते. मराठीचे माझ्याकडे होते, म्हणून दोन्हीकडे अर्ज केला. लिपिकपदाची लेखी परीक्षा पुढे ढकलली जात राहिली.

प्रकल्पाच्या जाहिरातीतील मानधनाची ओळ मला तीनदा वाचावी लागली. नेट किंवा गेट ही राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा उत्तीर्ण असल्यास दरमहा ३१,००० रुपये, नसल्यास २५,०००, शिवाय घरभाडे भत्ता. माझी नेट केवळ सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची होती, शिष्यवृत्तीची नव्हे, त्यामुळे मी स्वतःला २५,००० मध्येच धरले होते. विभागात विचारल्यावर कळले, की या पदाला तीही नेट चालते. हे विचारले नसते तर दरमहा ६,००० रुपयांचा हक्क मी मुकाट्याने सोडून दिला असता.

मुलाखतीच्या दिवशी मूळ कागदपत्रे आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच घेऊन सकाळी दहाला पोहोचले. दीक्षान्त समारंभ झालेला नसल्याने पदवी प्रमाणपत्र नव्हते. तात्पुरते प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले. समितीने ग्रंथातील व्याख्या विचारल्याच नाहीत. सीतेची आसवे ही वनस्पती सड्यावर का तग धरते, एवढेच विचारले आणि मग उत्तराला उत्तर जोडत गेले. जांभा खडकावरील मातीचा थर पातळ, त्यात नत्र अल्प, म्हणून ही वनस्पती पाण्यातील सूक्ष्म जीव आपल्या पिशव्यांत पकडून ती उणीव भरून काढते, असे मी सांगितले. पाऊस संपताच ती माती कशी वाळते, हे कास पठारावर मी डोळ्यांनी पाहिलेले होते आणि ते बोलताना माझी भीती पूर्ण गेली.

नेमणुकीचा आदेश सहा महिन्यांचा होता. पहिले मानधन मात्र तीन महिन्यांनी एकत्रित मिळाले. त्या काळात खोलीभाडे वडिलांकडून घ्यावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. लेखा विभागातील एका ताईंनी शांतपणे समजावले, की मागील वर्षाच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र निधी देणाऱ्या संस्थेकडे गेल्याखेरीज पुढचा हप्ता येत नाही आणि आमचे प्रमाणपत्र एका सहीसाठी अडले होते. संशोधन आणि प्रशासन यांना मी तोवर दोन वेगळी जगे समजत होते. त्यानंतर प्रकल्पाच्या खरेदीची देयके आणि हजेरीपत्रके मी स्वतः महिन्याच्या २५ तारखेच्या आत नेऊन देऊ लागले आणि त्याच ताईंकडून खर्चाचा तक्ता भरायला शिकले.

दीड वर्षाने लिपिकपदाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र आले. तोपर्यंत पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा मी उत्तीर्ण झाले होते. त्या दिवशी मी सड्यावर नमुने गोळा करत होते.