तारा म्हातारा झाल्यावर

गच्चीवर दुर्बीण लावली की कुणीतरी विचारतंच, "तारा म्हातारा झाला की फुगतो आणि जवळचे ग्रह गिळतो, असं तुम्हीच सांगता. मग अशा ताऱ्याला खेटून ग्रह सापडतातच कसे?"

तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या सगळ्यात लाडक्या ग्रहाची, केप्लर-1658बी ची गोष्ट सांगतो.

केप्लर दुर्बीण 2009 साली अवकाशात गेली. तिच्या यादीतले पहिले तीन ग्रह आधीच ठाऊक होते. चौथा, म्हणजे हाच, मात्र तिने स्वतः हेरलेला. दर 3.85 दिवसांनी ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश हजारात एखादा भाग कमी व्हायचा. पण ग्रह ताऱ्यामागे जातानाही प्रकाश घटायचा, आणि एवढ्याशा ग्रहाच्या मानाने फारच घटायचा. म्हणून हा ग्रहच नव्हे असं ठरलं आणि नावापुढे फुली पडली.

चुकलं होतं ते ताऱ्याचं माप. ग्रह केवढा, हे ताऱ्याच्या तुलनेतच कळतं. तारा सूर्याएवढा धरला, की ग्रह नेपच्यूनएवढाच निघतो. 2019 साली हवाई विद्यापीठातल्या अ‍ॅशली चॉन्टॉस यांनी त्या ताऱ्याची थरथर तपासली. तारे आतून घुमत असतात, आणि तबल्यापेक्षा डग्गा खर्जात बोलतो तसा फुगलेल्या ताऱ्याचा सूर खाली उतरतो. हा तारा सूर्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला, राक्षसी तारा होण्याच्या वाटेला लागलेला. मग ग्रहही तिप्पट, थेट गुरूएवढा. सगळा हिशेब जुळला!

तर मग तो गिळला कसा गेला नाही? अहो, तो त्याच वाटेवर आहे. श्रेयस विस्साप्रगडा आणि सहकाऱ्यांनी 13 वर्षांच्या नोंदी लावून 2022 मध्ये दाखवलं, की त्याची फेरी दरवर्षी 131 मिलिसेकंदांनी आखडतेय. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ! कारण भरती-ओहोटीचं. पृथ्वी स्वतःभोवती भरभर फिरते म्हणून भरतीचा फुगवटा चंद्राच्या पुढे राहतो आणि चंद्र हळूहळू लांब जातो. इथे तारा ग्रहापेक्षा सावकाश फिरतो, त्यामुळे त्याच्यावरचा फुगवटा मागे पडून ग्रहाला मागे खेचतो. साधारण 25 लाख वर्षांत तो ताऱ्यात जाईल.

नुसत्या डोळ्यांना तो तारा दिसत नाही. पण अभिजित आणि हंस हे तारे वर आले, की त्यांच्यामधल्या त्या तुकड्याकडे मी बोट दाखवतोच.