आमची वाटचाल : ओळ एकाच जागी बांधायची

सोलापुरात सात रस्त्याजवळ दोन खोल्या आणि तीन कॉम्प्युटर, एवढ्यावर वेबसाइट बनवायला सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार. त्यांना शिल्लक मालाचं पान हवं होतं. जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), माप, रंग निवडला की किती गाठी पडून आहेत ते दिसायचं. पण रंग बदलला की अख्खं पान नव्याने उतरायचं, आणि गोदामात पत्र्याखाली मोबाईलला रेंजची एकच कांडी. मालक म्हणाले, "त्यापेक्षा आत जाऊन मोजून येतो की."

मग आम्ही हुशारी केली. सर्व्हरकडून, म्हणजे साइट जिथून येते त्या कॉम्प्युटरकडून, नुसता डेटा मागवून तक्ता गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट या भाषेतल्या कोडने बांधायला लागलो. वेग आला, पण तक्त्याच्या एका ओळीला दोन कारागीर झाले: पान उघडताना सर्व्हर, रंग बदलताना ब्राउझर. पान उघडताना १,२५,००० दिसायचे, रंग बदलला की १२५,०००. दिवाणजींचा फोन आला, "लाखाचा स्वल्पविराम कुठं गेला?" तो आणला, तर जीएसटीच्या बेरजेत पैशांचा फरक. प्रत्येक बदल दोनदा लिहायचो आणि बिल एकदाच लावायचो.

शेवटी सर्व्हरवर तक्त्याचा वेगळा टेम्प्लेट, म्हणजे साचा, केला. पूर्ण पानही तोच वापरतं, आणि रंग बदलला की सर्व्हर तेवढ्याच तुकड्याचं तयार एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि मांडणी) धाडतो. युक्ती जुनीच. पान न हलवता विनंती पाठवायची सोय १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ पासून आहे. २०२० मध्ये आलेल्या एचटीएमएक्स या छोट्या जावास्क्रिप्ट लायब्ररीमुळे ते काम एचटीएमएलच्या टॅगवर लिहायच्या दोन-तीन अॅट्रिब्यूटवर, म्हणजे खुणांवर, आलं.

खोड्या निघाल्याच. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ऑफिसला निम्मेच जण, आणि नेमकं तेव्हाच तक्त्याच्या जागी लॉगिनचं पान उगवलं, मेनूसकट! सेशन (लॉगिनची मुदत) संपलेलं, सर्व्हरने लॉगिनकडे वळवलेलं, आणि जे आलं ते ब्राउझरने इमानेइतबारे तक्त्यात कोंबलं. आता अशा वेळी सर्व्हर उत्तरासोबत एचएक्स-रीडायरेक्ट हेडर (एचटीएमएक्ससाठीची सूचना) पाठवतो, म्हणजे पूर्ण पानच लॉगिनवर जातं. दुसऱ्या साइटवरून बॅक करून आलं की कधी नुसता उघडाबोडका तक्ता दिसायचा. एकाच पत्त्यावर आम्ही पान आणि तुकडा दोन्ही देत होतो, ब्राउझरच्या कॅशने, म्हणजे साठवणीने, तुकडा जपून ठेवलेला. एचटीएमएक्स आपल्या विनंतीला एचएक्स-रिक्वेस्ट हे हेडर जोडतं; त्यानुसार उत्तर बदलतं हे कॅशला सांगायला व्हेरी हेडरमध्ये एचएक्स-रिक्वेस्ट लिहिल्यावर ते थांबलं.

जेकार्ड चादरीची नक्षी माउसने सरकवून बघायचं पान मात्र आजही जावास्क्रिप्टमध्येच आहे. बोटभर सरकवायला सर्व्हरपर्यंत हेलपाटा कोण घालणार?