भाता कोठे शे?

डिजिटल पियानो घरी आला तेव्हा पारोळ्याची मावशी जळगावला आमच्याकडेच होती. दोन पोरांनी तो जिन्यावरून वर चढवला, स्टँडवर ठेवला, मी वायर लावली, आणि मावशीने लांबूनच एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून विचारलं, "इतली मोठी पेटी, मंग भाता कोठे शे?"

तेव्हा सगळे हसले. मी पण. पण खरं सांगते, वीसेक वर्षं वाजवून मला पियानोबद्दल जे कळलंय ते सगळं त्या एका प्रश्नात आहे.

मी सुरुवात पेटीवरच केली, आजोबांच्या भजनाच्या पेटीवर, काळी दोनमध्ये. पेटीचा सूर म्हणजे श्वास असतो, भाता हळू मारला की बारीक, जोरात मारला की मोठा, लागलेला सूर मधेच फुगवता येतो, धरून ठेवता येतो, म्हातारी माणसं झोपेत भाता मारत तो तासभर लांबवू शकतात (आमच्या गल्लीत एक होते!). पियानोत यातलं काही म्हणजे काहीच नाही. की दाबली की आत फेल्ट लावलेली एक हातोडी उडते, हो उडतेच, कारण तारेपर्यंत पोचायच्या जरा आधी ती तुमच्या बोटापासून सुटलेली असते. तार वाजते. आणि वाजली त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. आता तुम्ही की वर कितीही जोर द्या, बोट थरथरवा, डोळे मिटून मान हलवा, त्या सुराला काही फरक पडत नाही. दाबून धरली तर तो आपल्या आपण विझेल, सोडली तर डँपर (तारेला गप्प करणारी गादी) बसून लगेच थांबेल, बस. तुमच्या हातात फक्त ती हातोडी किती वेगाने सुटली एवढंच. सगळं काम त्या साधारण एक सेंटीमीटरच्या खोलीत उरकायचं.

म्हणजे पियानिस्ट कोण, तर मरणाऱ्या सुरांची माळ अशी ओवणारा की ऐकणाऱ्याला वाटावं कोणीतरी गातंय. पुढचा सूर किती हळू लावायचा हे मागचा किती विझलाय ते ऐकून ठरवायचं. बोटं पळवणं त्या मानाने सोपं आहे, रोज दोन तास बसलं की जमतं. हे ऐकणं मला अजून धड जमत नाही.

इटलीत 1700 च्या आसपास क्रिस्तोफोरी नावाच्या माणसाने ही हातोडीची युक्ती काढली, त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. त्याने हळू आणि जोरात दोन्ही आणलं, पियानोफोर्टे या नावाचा अर्थच तो. भाता काही त्यालाही बसवता आला नाही, मावशीला सांगायला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे वाद्य स्वतःचं नसतं. बासरीवाला बासरी पिशवीत घालून येतो, तबलजी स्वतःची जोडी आणतो, आपण जाऊ तिथे जे असेल ते. होरोवित्झ हा मोठा पियानिस्ट 1986 ला मॉस्कोला गेला तेव्हा स्वतःचा पियानो सोबत घेऊन गेला होता म्हणे, पण ती होरोवित्झची गोष्ट झाली, मला रिक्षावाला कॅसियोचे पण वेगळे पैसे मागतो. (इकडे सगळ्याच कीबोर्डला कॅसियो म्हणतात, कंपनी कुठली का असेना.)

आणि खान्देशात खरा पियानो सांभाळायचा म्हणजे! आत दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा ताण मिळून पंधरा-वीस टन, आणि त्यांचा आवाज मोठा करणारी ती लाकडाची फळी. आमचा मे महिना पंचेचाळीसला टेकलेला आणि कोरडा ठक्क, लाकूड आकसतं आणि सूर उतरतात, जुलैत ओल धरून लाकूड फुगतं आणि सूर चढतात, पण सगळे सारखे चढत नाहीत हाच तर वांधा. ट्यूनर मुंबई-पुण्याहून बोलवायचा. म्हणून मी डिजिटल घेतला, 88 कीज, वजनदार, खालच्या सुरांना जड वरच्यांना हलक्या. लाईट गेली की तो नुसता टेबल होतो ते वेगळं.

मागच्या हिवाळ्यात एका हॉलमध्ये वाजवायला बोलावलं, नाव नको, तिथे खरा पियानो होता, उभा, वर लेसचं कापड आणि फुलदाणी. मी शोपाँ या संगीतकाराचं ते ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न, म्हणजे ई फ्लॅटला सा धरलेली पियानोची संथ रचना, तयार करून गेलेले, आणि नेमका मधला ई फ्लॅट दाबला की खालीच बसून राहायचा. म्हणजे गाणं त्या सुरातलं आणि त्याचा 'सा'च गायब!! समोर साठ-सत्तर लोक, चहा झालेला. शेवटी पांढरी एकला सा धरून भूप राग वाजवला, त्यात ती की लागतच नाही. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही की काही नाही, पेटीवर 1940 साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली तेव्हा जी तक्रार होती तीच, पियानोवर पण दोन सुरांच्या मधे जायला रस्ता नाही. तरी पेडल दाबून (म्हणजे की सोडली तरी सूर चालू राहतो) ग सोडला आणि तो विझत असताना त्याच्या पोटात रे ठेवला तेव्हा क्षणभर मींडीचा भास झाला. मला तरी झाला. खाली एक काका फोनवर बोलत होते.

मावशी परवा परत आली होती. दुपारी सगळे झोपलेले तेव्हा ती गुपचूप पियानोसमोर बसली, मी दारातून बघत होते. एक की दाबली, एका बोटाने, आणि दाबूनच ठेवली. आवाज गेला तरी बोट काढलं नाही, कान जवळ नेला.

"गया," ती स्वतःशीच म्हणाली, आणि परत दाबली, या वेळी जरा हळू.