तुळशीमागचं जनावर

कोकणात आमच्या घरी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसत. ‘जनावर’ म्हणायचं, फार तर ‘लांबडं’. नाव घेतलं की येतं, असा आजीचा दंडक. ॲरिझोनातल्या टूसॉनला येऊन नऊ वर्षं झाली तरी तो माझ्या जिभेवरून उतरलेला नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुळशीची वाळकी पानं काढायला कुंडीमागे हात घातला, तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं. घरात पळत येऊन मी नवऱ्याला ओरडून सांगितलं ते एवढंच: “मागे जनावर आहे!” नवरा नागपूरचा. त्याला वाटलं, इथले रानडुकरासारखे हॅवेलिना फाटकातून घुसले. तो झाडू घेऊन निघाला. त्याला दारात अडवताना माझी जी धांदल उडाली, ती सापाला बघूनही उडाली नव्हती.

वेस्टर्न डायमंडबॅक जातीचा रॅटलस्नेक होता. तीन-साडेतीन फूट असेल. डोक्यावर हंडा घेताना बायका कापडाची चुंबळ करतात तशी चुंबळ करून, कुंडीच्या सावलीत, ठिबकच्या नळीने ओलसर झालेल्या मातीवर निवांत. अंगावर धुळकट चौकटी, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे आणि टोकाला तो प्रसिद्ध खुळखुळा. माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर गेला होता. आणि तो वाजला नाही.

माझी पहिली तक्रार हीच. नावातच आवाज असलेल्या सापाने निदान आवाज तरी द्यावा! पण इथे राहून कळलं की गप्प राहणं हाच त्याचा पहिला बचाव आहे. वाळूखडीत तो असा मिसळून जातो की दिसत नाही, मग वाजून स्वतःचा पत्ता कशाला सांगेल? आता पळायला वाट नाही, असं वाटलं तरच तो शेपूट थरथरवतो, सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा. तो आवाज मी आजवर एकदाच ऐकलाय, सबिनो कॅन्यनच्या पायवाटेवर. खुळखुळ्यासारखा मुळीच नाही. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफेची जी सुरसुर सुटते, तसा. खुळखुळ्यात दाणे-बिणे काही नसतात. आपल्या नखांच्याच द्रव्याच्या पोकळ कड्या एकमेकींवर आपटतात. कात टाकली की एक नवी कडी येते. ऑफिसातल्या एका पुणेकराने मला ठासून सांगितलं होतं, “जितक्या कड्या तितकी वर्षं.” साफ चूक. साप वर्षातून दोन-तीनदाही कात टाकतो आणि जुन्या कड्या तुटूनही जातात.

त्या दिवशी फोन केल्यावर अग्निशामक दलाची दोन माणसं आली. आमच्या भागात ते हे काम करतात. इतर ठिकाणी पैसे घेऊन साप हलवणारे खासगी लोक असतात. लांब चिमट्याने त्यांनी साप उचलला, झाकणाच्या बादलीत ठेवला, झाकण आवळलं. दोन मिनिटांत काम संपलं. मग त्यांनी ती बादली घराच्या मागे, भिंतीपलीकडच्या वॉशमध्ये, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात नेली आणि शंभरेक मीटरवर साप सोडून दिला.

मी म्हटलं, अहो, एवढ्या जवळ? चांगला दहा-वीस मैलांवर नेऊन सोडा ना!

त्यातला वयस्कर माणूस हसला. त्याला हे रोजच ऐकावं लागत असणार. त्याने सांगितलं ते असं: या सापांचा मुलूख ठरलेला असतो. कुठल्या झुडपाखाली सावली मिळते, कुठे उंदीर येतात, हिवाळ्यात कुठल्या खडकाच्या फटीत शिरायचं, सगळं पाठ. वर्षानुवर्षं तीच फट, बरेचदा इतर सापांबरोबर. अनोळखी ठिकाणी सोडला की तो घर शोधत भटकत राहतो आणि बहुधा मरतो. शिवाय इथली जागा रिकामी राहत नाही. कुंडीमागची गार ओल आहे तशीच असेल, तर दुसरा कुणी येईलच.

मग त्याने आमच्या अंगणात एक चक्कर मारली. आणि माझी जी काही फजिती व्हायची ती तेव्हा झाली.

अंगणात पक्ष्यांसाठी मी दाण्यांचं टांगतं भांडं लावलं होतं. इथे गॅम्बेल्स क्वेल नावाचे लाव्यासारखे पक्षी असतात, डोक्यावर पुढे झुकलेला तुरा. पिल्लांची रांग घेऊन ते भिंतीवरून चालले की कामधाम सोडून बघत राहावं. पण भांड्यातून खाली सांडलेले दाणे रात्री पॅकरॅट खायचे. हा इथला जंगली उंदीर, मोठा संसारी. निवडुंगाच्या बुडाशी काटक्या आणि चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी तुकडे रचून कमरेइतका ढीग करतो आणि त्यात राहतो. गाड्यांच्या वायरी कुरतडण्यात त्याची ख्याती अशी की आमच्या गल्लीत निम्मे लोक रात्री गाडीचं बॉनेट उघडं ठेवतात. उजेड-वारा असला की तो म्हणे आत घर करत नाही. आमच्या निवडुंगाखाली त्याचा वाडा होता. आम्हाला पत्ताच नव्हता, आम्ही त्याला झाडाचा पाचोळा समजत होतो.

म्हणजे दाणे मी घातले, दाण्यांवर उंदीर आले, उंदरांवर साप. गळणाऱ्या ठिबकने वाळवंटात पाण्याची सोय केली. भिंतीकडेला हौसेने रचलेल्या दगडांनी राहायची. एवढी उस्तवार तर मी पाहुण्यांचीही करत नाही.

दगडांची ती रास बघून मला रत्नागिरीकडचा आमचा गडगा आठवला. जांभ्याच्या चिऱ्यांचा, बिनमातीचा, फटीफटीत फुरसं असलेला. लहानपणी गडग्यावर हात टेकवला की पाठीत धपाटा ठरलेला. तोच गडगा मी नऊ हजार मैलांवर शोभेचा म्हणून बांधला, पदरचे डॉलर खर्चून. आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. रॅटलस्नेकला दिवसाच्या उजेडातही ती ‘तो खुळखुळ्या’ म्हणते. तिने दोन-चार प्रश्न विचारले, दिसतो कसा, बसतो कसा, आणि निकाल दिला: “म्हणजे फुरसंच गो ते. फुरसं अंग घासून खरखरतं, हे शेपटीनं वाजतं, एवढंच!” कुळाच्या हिशेबाने ती चुकली नाही. फुरसं, घोणस आणि रॅटलस्नेक एकाच मोठ्या कुळातले. त्यातही डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारा खड्डा असलेल्या सापांची एक शाखा आहे. रॅटलस्नेक त्यातला, आणि आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडाही त्यातलाच. मिट्ट काळोखात उंदराच्या अंगाची ऊब त्याला जाणवते.

घरात आम्ही केलेले बदल फारसे थोर नाहीत. दाण्यांचं भांडं उतरवलं. याचं वाईट अजून वाटतं. पॅकरॅटचा वाडा माणूस बोलावून उचलला, दगडांची रास मोडली. बागेच्या लोखंडी फाटकाला खालून पाव इंच भोकांची जाळी लावली. तीन फूट उंच आणि खाली जमिनीत थोडी पुरलेली, कारण पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतूनही येतं. गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी कोपऱ्यात कुरतडलेली होती, ती बदलली. कुंड्या भिंतीपासून दूर, विटांवर उंच ठेवल्या, म्हणजे मागे-खाली नजर जाते. डांबराच्या गोळ्या किंवा गंधक टाकून साप पळतो असं इथलेही लोक सांगतात. साप त्यावरून खुशाल चालत जातो. पैसे वाया.

खरी सवय लावावी लागली ती शरीराला. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, पाय ठेवायचा नाही. दारातलं पार्सल उचलण्याआधी त्याच्या मागे बघायचं. उन्हाळ्यात दिवसा चाळीस-बेचाळीस अंश तापमान असतं, तेव्हा साप रात्री फिरतात. म्हणून कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायलासुद्धा बॅटरी आणि बंद बूट. (दुसरी, जांभळ्या उजेडाची बॅटरी विंचवांसाठी. त्या उजेडात विंचू हिरवे चमकतात. पहिल्यांदा भिंतीवर सात चमकलेले बघितले त्या रात्री मी झोपले नाही. पण ते पुन्हा केव्हातरी.)

आणि दिसलाच, तर मागे सरायचं. रॅटलस्नेक साधारण स्वतःच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेतो, पाठलाग करत नाही. सहा-सात फूट दूर उभं राहिलं की त्याचं तो बघतो. चावे पुष्कळदा कसे होतात, तर कुणीतरी फावडं घेऊन मारायला जातं, फोटोसाठी वाकतं किंवा मर्दुमकी दाखवत शेपटीला धरतं. मुंडकं तोडलं तरी ते बराच वेळ चावू शकतं, हे इथल्या प्रत्येक माळ्याला माहीत आहे. आमच्या गल्लीत एका गृहस्थाने फावड्याने साप मारला आणि चार घरं फिरून दाखवला. निघाला गोफर स्नेक, आपल्या धामणीसारखा बिनविषारी, उंदीर फस्त करणारा. बिचारा भीती दाखवायला रॅटलस्नेकची नक्कल करून शेपूट आपटत होता, ती नक्कलच त्याच्या जिवावर आली.

ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या १३ जाती आहेत आणि त्यातल्याच एकीला, रिजनोजला, १९८६ मध्ये राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी म्हणून मान मिळाला. म्हणजे आपल्याकडे शेकरू, तसा इथे हा!

चावला तर काय, हे आईने चार वेळा विचारलं, म्हणून लिहिते. ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला फोन. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढायचं, कारण सूज भराभर चढते. करकचून बांधणं, चिरणं, चोखणं, बर्फ लावणं, सगळं बंद. साप पकडून न्यायचीही गरज नाही. इथली प्रतिविषं उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या रॅटलस्नेकवर चालतात. एक मेंढ्यांपासून बनतं. दुसरं मेक्सिकोत घोड्यांपासून, आपल्या हाफकिनमध्ये बनायचं त्याच पद्धतीने. त्याला इथे २०१५ मध्ये मान्यता मिळाली. एका कुपीची किंमत हजारो डॉलर आणि कुप्या लागतात डझनावारी, तेव्हा विम्याचे कागद आधीच वाचून ठेवलेले बरे. टूसॉनच्या विद्यापीठात विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, तिथे चोवीस तास फोन उचलतात.

अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि मरतात साधारण पाच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे आकडे शेजारी ठेवले की माझी तुळशीमागची गोष्ट सांगायला जरा संकोच वाटतो. आमच्याकडे रुग्णवाहिका काही मिनिटांत दारात येते. गावी आमच्या वाडीतून तालुक्याला जायला पावसाळ्यात तास-दीड तास लागायचा, तोही कुणाची रिक्षा असली तर. आणि त्याआधी उतारा घालणाऱ्याकडे जाण्यात जो वेळ जायचा तो वेगळा. गावी आता १०८ आहे. आईला मी एवढंच विचारून ठेवलंय, आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात लस असते का. तिने जाऊन विचारलं. असते.

इथेही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात, बरं का. १५ जून ते ३० सप्टेंबर, तारखा ठरलेल्या. अख्ख्या वर्षात पडतो अकराएक इंच, रत्नागिरीत तेवढा जुलैच्या एका बऱ्या आठवड्यात पडून जातो. पण पहिली सर आली की क्रियोसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो त्याने डोळे भरून येतात. त्या पावसात रॅटलस्नेक अंगाची चपटी चुंबळ करून बसतो आणि स्वतःच्या पाठीवर साचलेलं पाणी पितो. माझ्या शेजारणीने खिडकीतून बघितलंय, मला अजून दिसलेलं नाही.

पिल्लंही याच दिवसांत होतात. अंडी नाहीत, थेट पिल्लं, आपल्या घोणशीसारखी. पहिली कात टाकेपर्यंत आठ-दहा दिवस आई त्यांच्याजवळ बसून राहते. पिल्लांचा खुळखुळा अजून वाजत नसतो, दात मात्र तयार असतात. नेमका आपला श्रावण. नागपंचमीला खणू नये, कापू नये, तवा ठेवू नये, म्हणून मी त्या दिवशी पाटावर गंधाचे नाग काढते, दूध-लाह्या ठेवते आणि बागकामाला सुट्टी देते. नवरा म्हणतो, हा आळस आहे. असेल.

यंदा मार्चमध्ये आई तीन महिने राहायला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात ठकठक ऐकू आली, म्हणून मी बाहेर डोकावले. नवऱ्याची डोंगर चढायची महागडी काठी हातात घेऊन ती प्रत्येक कुंडी आधी वाजवत होती, मग वाकून मागे बघत होती, मग पाणी घालत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांत तिला दोन साप दिसले, दोन्ही वॉशमध्ये, लांबून. वाजला एकही नाही. परतताना विमानतळावर सामान टाकून झाल्यावर म्हणाली, “एवढं कौतुक सांगत होतीस, आणि तुझा खुळखुळ्या मेला एकदासुद्धा वाजला नाही.”