जुनी ऑक्टाव्हिया घेताय? इंजिनाआधी गिअरबॉक्स बघा

स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आता नव्या हॅचबॅकच्या पैशात मिळते, म्हणून यवतमाळ-वाशीमकडची पोरंही तिच्या मागे लागली आहेत. पहिला प्रश्न ठरलेला: 1.8 लिटरची पेट्रोल घेऊ की डिझेल? हा प्रश्नच थोडा चुकतो. आपल्याकडे गाडी इंजिनामुळे क्वचित बसते. ती बसते गिअरबॉक्समुळे, नाहीतर कूलंटमुळे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवामुळे.

2013 ते 2020 या काळात विकलेल्या ऑक्टाव्हियाचा हिशेब असा. 1.4 टीएसआय पेट्रोलला 6 गिअरचा मॅन्युअल. 1.8 टीएसआय पेट्रोलला 7 गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. 2.0 टीडीआय डिझेलला मॅन्युअल किंवा 6 गिअरचा डीएसजी. नावं सारखी असली तरी हे दोन डीएसजी वेगळे आहेत. डिझेलमधला डीक्यू250 तेलात बुडालेल्या क्लचचा, 1.8 मधला डीक्यू200 कोरड्या क्लचचा.

डीक्यू200 ची सहनशक्ती 250 न्यूटन मीटर टॉर्कची, म्हणजे ओढीच्या जोराची. 1.8 इंजिन 180 पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), पण कंपनीने त्याचा टॉर्कही 250 वरच ठेवला. 1.4 चा टॉर्कही 250 च आहे, ताकद मात्र 140, पुढच्या मॉडेलात 150 पीएस. म्हणजे दारव्हा रोडवर ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओव्हरटेक करताना 1.4 फार मागे पडत नाही. 1.8 ची खरी मजा वरच्या आरपीएमला, समृद्धीवर. तिथेही मर्यादा 120 चीच.

कोरड्या क्लचला मे महिना सोसत नाही. बाहेर 45 डिग्री, आठवडी बाजाराचा दिवस, कापसाच्या गाड्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगायचं. क्लच अर्धवट धरून तापतो आणि गाडी थरथरते. क्लचपेक्षा महागडा भाग म्हणजे मेकाट्रॉनिक, गिअरबॉक्सचं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट. त्यातल्या प्रेशर अ‍ॅक्युम्युलेटरच्या बैठकीला तडा गेला की प्रेशर जातं आणि गाडी जागेवर उभी राहते. कधी फक्त सम गिअर आणि रिव्हर्स जातात, कधी फक्त विषम. अशी गाडी गावातल्या फिटरकडे सुधारत नाही, टोचन लावून नागपूर गाठावं लागतं.

म्हणून 1.8 बघायला गेलात तर गाडी दहा मिनिटं फिरवून परत देऊ नका. एसी लावून अर्धा-पाऊण तास चालवा, गाडी पुरती तापू द्या. मग गर्दीत ब्रेक हलके सोडत रांगा. दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का, चढावर रिव्हर्स घेताना थरथर, डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकणं, यातलं एकही दिसलं तर भावात मेकाट्रॉनिकचा पूर्ण खर्च धरा. क्लच किंवा मेकाट्रॉनिक आधीच बदललं असेल तर ती वाईट खूण नव्हे, उलट चांगली. फक्त बिल हातात पाहिजे. ‘आमच्या ओळखीच्याने करून दिलं’ याला बिल म्हणत नाहीत.

1.8 मध्ये दुसरी जागा म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतं, वरून दिसत नाही. टॉर्च मारून गिअरबॉक्सच्या बाजूला गुलाबी पापडी जमलीय का ते पाहा. ती कूलंटची खूण. हा आजार इतका नेहमीचा आहे की लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत हाउसिंग बदललेलंच असावं अशी अपेक्षा ठेवा.

पापडीपेक्षा वाईट म्हणजे कूलंटच्या टाकीत नुसतं पाणी. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातली गाडी असेल तर झाकण उघडून रंग बघाच. गळती लपवायला कोणी बोअरचं पाणी ओतत राहिला असेल तर रेडिएटर आणि हीटर कोअर आतून क्षाराने धरलेले असतात. योग्य माप म्हणजे निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कन्डेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फटही बघा, तिथे धूळ, किडे आणि कापसाची रुई मिळून नमद्यासारखा थर बसतो.

मीटरवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. या गाड्यांचा काटा प्रत्यक्ष तापमान बरंच खाली-वर झालं तरी 90 वरच स्थिर दिसतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडी स्कॅनर लावून कूलंटचा खरा आकडा वाचा, तिथेच गिअरबॉक्सचे जुने फॉल्टही दिसतील. सगळे फॉल्ट पुसून कोरी पाटी दाखवली असेल तर गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

थोडं जुनं मॉडेल, म्हणजे लॉरा या नावाने विकलेली मागची पिढी, तिच्या 160 पीएसच्या 1.8 चा मामला आणखी वेगळा. त्या पिढीच्या इंजिनात पिस्टन रिंगमुळे ऑइल खाणं आणि टायमिंग चेनचा टेन्शनर, या दोन तक्रारी जगभर गाजल्या. सकाळी इंजिन थंडगार असताना स्टार्ट करायला सांगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडली तर परत फिरा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर का ते विचारा.

डिझेलचं गणित किलोमीटरवर. पेट्रोल 105, डिझेल 92 रुपये आणि मायलेज 1.4 ला 13, डिझेलला 17 धरून चाला. महिन्याला हजार किलोमीटरला पेट्रोलचे सुमारे 8,100, डिझेलचे 5,400 रुपये. वर्षाला बत्तीस हजारांचा फरक. एवढ्या रनिंगला डिझेल परवडतं, पण रोज घर ते जिनिंग असं पाच-सात किलोमीटर असेल तर नको. तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही, ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात पाठवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी साचते. मॅन्युअल डिझेलमध्ये बंद करताना खालून खडखडाट आला तर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लचजवळचं धक्के शोषणारं चाक, गेलं समजा, क्लचसोबत तेही बदलावं लागेल. डीएसजी डिझेलला दर 60,000 किलोमीटरला गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर लागतो. डिझेल आणि 1.4, दोन्हींत टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्याबरोबर बदला, डिझेलमध्ये वॉटर पंपासकट.

ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भीती 1.4 आणि 1.8 दोघांनाही सारखीच, त्यावरून निवड करू नका. मायलेज थोडं पडेल. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका आणि इंधनाचे जुने रबरी पाइप तपासून घ्या, एवढं पुरे.

आमचं मत विचाराल तर गावात राहून, महिन्यातून दोन-चारदा नागपूर करणाऱ्याने 1.4 मॅन्युअल शोधावी. बाजारात ती कमी येते, थांबावं लागतं. रनिंग जास्त असेल तर डिझेल, शक्यतो मॅन्युअल. 1.8 फक्त बिलांच्या फाइलसकट. बजेट मोठं असेल तर 2017 ची व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचीच स्पोर्ट्स आवृत्ती बघा: 2.0 टीएसआय, 230 पीएस आणि तेलातल्या क्लचचाच डीएसजी. पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स कमी, पाणंद रस्त्यावर न्यायची नाही.

आणि दिल्लीच्या स्वस्त डिझेलवर भाळू नका बाप्पा. तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाल्यापासून त्या इकडे ढकलल्या जातात. एनओसी (तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून मगच भाव लावा. एनओसी तुमच्या आरटीओच्या नावाने निघाली नसेल तर टोकनही देऊ नका.