एव्हबरी: दगडांच्या रिंगणात वसलेलं गाव

इंग्लंडमधे स्विंडनला मैत्रिणीकडे चार दिवस राहायला गेले होते. ती मडगावची, आणि स्विंडनमधे गोवेकर इतके आहेत की बाजारातून चालताना सहज कोंकणी कानावर पडते. ऑफिसातले सगळे म्हणाले की तिकडे जातेच आहेस तर स्टोनहेंज बघ, पण मला एव्हबरीच बघायचं होतं. मी नागपूरची. लहानपणी बाबा स्कूटरवर बसवून काटोल रोडला जुनापाणीला न्यायचे, तिथली शिळावर्तुळं तेव्हापासून डोक्यात घट्ट बसलीयत. आणि स्टोनहेंजला एरवी दोरीच्या बाहेरूनच बघावं लागतं, इथे दगडाला हात लावता येतो.

४९ नंबरची बस अर्ध्या तासात पोचवते. गंमत म्हणजे बसच वर्तुळाच्या आत शिरते, कारण रस्ता रिंगणाच्या मधून जातो, आणि उतरलो ते थेट रेड लायन पबच्या समोर! पाठीमागे मेंढ्या चरतायत, मधे हे एवढाले दगड उभे आणि त्यांच्यापलीकडे लोकांची घरं, धुराडी, परसबागा. बाहेरचं वर्तुळ जवळजवळ ३३० मीटर व्यासाचं, जगातलं सगळ्यात मोठं, मुळात शंभरच्या आसपास दगड होते. त्याच्या भोवती खंदक आणि त्याबाहेर मातीचा बांध. खंदक आज दिसतो त्याच्याहून कितीतरी जास्त, नऊ-दहा मीटर खोल होता आणि साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी तो हरणाच्या शिंगांनी खणला, लोखंड नाही काही नाही. बांधावर चढून खाली बघितलं तेव्हा पोटात गोळा आला खरंच.

उत्तरेच्या बाजूला स्विंडन स्टोन म्हणून एक धोंडा आहे, साठ टनांच्या वरचा, आजवर कधी पडलेला नाही. मी त्याला दोन्ही तळवे लावून उभी राहिले. खडबडीत, थंड, वर पिवळट दगडफूल. इथल्या या दगडाला सारसन म्हणतात, मूर्ती कोरलेला दगड नाही हा, जसा माळावर सापडला तसाच आणून उभा केलेला.

पण मग बाकीचे दगड कुठे गेले? मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते याच प्रश्नाने. मध्ययुगात गावकऱ्यांनी बरेच दगड पाडून खड्ड्यात पुरले. १९३८ साली एका दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला, सोबत कात्री आणि १३२० च्या आसपासची नाणी, म्हणून त्या दगडाचं नाव बार्बर स्टोन. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात तर दगड फोडायलाच लागले. खाली खड्डा करून गवत पेटवायचं, दगड तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि घण घालायचा, की तडकला. विल्यम स्ट्यूकली नावाचा अभ्यासक १७२० च्या दशकात येऊन हे सगळं बघत होता, चित्रं काढत होता, त्याच्या वह्या नसत्या तर आज निम्मी माहिती गेली असती. फोडलेले तुकडे गेले घरांच्या भिंतीत. एकदा हे कळलं ना की गावातून चालताना डोळे भिंतींवरच जातात, प्रत्येक राखाडी चौकोनी दगड ओळखीचा वाटायला लागतो. १९३० च्या दशकात अलेक्झांडर किलर, मार्मलेडच्या धंद्यात पैसा केलेल्या घराण्यातला माणूस, त्याने जमीन विकत घेऊन पुरलेले दगड परत उभे केले आणि जिथला दगड कायमचा गेला तिथे काँक्रीटचा छोटा खांब रोवला. मला ते खांब फार आवडले, कारण गेलेल्याचीही जागा राखून ठेवलीय त्याने.

सेंट जेम्स चर्च वर्तुळाच्या जरा बाहेर आहे. मैत्रीण आत शिरताच क्रूस करून बसली, मग मला दाखवायला लागली, "हे बघ, आमच्या इगर्जेतही बाप्तिस्म्याचं भांडं दाराजवळच असतं." हे भांडं बाराव्या शतकातलं, त्यावर बिशप कोरलाय आणि बाजूंना ड्रॅगन. भिंतींचा काही भाग त्याहून जुना, सॅक्सन काळातला, हजार वर्षांचा. आणि समोरचा लाकडी सज्जा धर्मसुधारणेच्या काळात नष्ट होऊ नये म्हणून झाकून टाकला होता, तो १८१० मधे भिंतीमागून मिळाला. म्हणजे या गावात दगड पुरणारेही होते आणि सज्जा जपणारेही.

जेवण रेड लायनमधेच. गवताने शाकारलेलं छप्पर, बुटकं काळं लाकूडकाम, आत जुनी विहीर आहे तिच्यावर काच टाकून टेबल केलंय, आम्हाला नेमकी तीच जागा मिळाली. तिने सायडर घेतली, मी लेमनेड, दोघींत एक फिश अँड चिप्स. फ्लोरी नावाच्या बाईचं भूत इथे हिंडतं अशी दंतकथा आहे. खिडकीतून बाहेर बघितलं तर दगड दिसत होते, आणि तेवढ्यासाठी मी तिथे तासभर जास्त बसले असते.

संध्याकाळी सिल्बरी हिलच्या बाजूने वेस्ट केनेटच्या थडग्यापर्यंत चालत गेलो. सिल्बरी ही माणसांनी रचलेली टेकडी, तीस मीटरहून उंच, बोगदे खणून बघितले तरी आत कुणाचंही दफन सापडलं नाही, वर चढायला बंदी आहे. थडग्यात मात्र शिरता येतं. साडेपाच हजार वर्षांच्या दगडी खोल्या, निदान ३६ माणसं ठेवलेली होती तिथे. आत अंधार होता, कुणीतरी ताजी रानफुलं ठेवून गेलं होतं.

जुनापाणीला अशीच सुमारे तीनशे वर्तुळं आहेत, लोहयुगातली, म्हणजे एव्हबरीपेक्षा बरीच अलीकडची, दगडही गुडघ्याएवढे. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, त्यात बोट घालून मी लहानपणी मोजायची. रिव्हेट-कर्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मधे त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर सिल्बरी दाखवली. म्हणाले, "ये डिसेंबरात, गाडी काढतो, जाऊ." वर्तुळं मोजायला टेप मी घेऊन येणारे, त्यांना वही आणायला सांगितलीय.