कयाकवरून नवी जात गळाला लावताना: माझा अनुभव

आजवर पकडलेल्या जातींची मी यादी ठेवतो. त्या यादीत नसलेली जात हवी असेल तर मी कयाक लांब नेत नाही, गळ लहान करतो. घराजवळच्या पाण्यात नेहमीचेच मासे लागतात, कारण गळ, आमिष आणि तळ तिन्ही तेच असतात. लहान तोंडाची मासळी मोठ्या गळावरचं आमिष कुरतडून निघून जाते, वर हाताला फक्त बारीक टिचक्या जाणवतात. त्या टिचक्या हीच खूण. जागा बदलायची नाही, साज बदलायचा.

मी दहा किंवा बारा नंबरचा गळ लावतो. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. दोर 0.20 मिमी, अगदी खाली 30 ग्रॅमचं शिसं, त्याच्या वर 20 आणि 45 सेंटिमीटरवर दोन फांद्या, म्हणजे मुख्य दोरातून बाजूला निघणाऱ्या गळाच्या दोऱ्या, प्रत्येकी 10 सेंटिमीटर. फांदी याहून लांब ठेवली की मुख्य दोराला गुंडाळते. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकतो. कोळंबीचा तुकडा अर्ध्या सेंटिमीटरचा, गळाचं टोक उघडं.

पाणी भरून थांबतं तेव्हाचा थोडा वेळ सर्वांत चांगला, कारण दोर उभा राहतो आणि आमिष तळाशीच राहतं. उधाणात ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, हा वेळ जास्त मिळतो. जागा शोधताना शिशाकडेच लक्ष देतो: खडकावर ते टकटकतं, रेतीवर मऊ टेकतं, चिखलातून ओढून काढावं लागतं. रेती आणि खडक जिथे मिळतात त्या कडेला जाती जास्त.

नांगर कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. बाजूला बांधला की प्रवाह कयाक आडवी धरतो आणि उलटवतो. नांगराच्या दोराच्या टोकाला बोया असतो, अडकलं तर दोर सोडून देता येतो. लाइफ जॅकेट अंगात, वल्हं दोरीने बांधलेलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर निघतच नाही: किनाऱ्याशी पाणी सपाट दिसतं, परतताना मात्र वल्हं पुरत नाही.

मासा वर आला की खरं काम सुरू होतं. आधी काटे बघायचे. शिंगाळ्याचा किंवा विंचूमाशाचा विषारी काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम, पण 45 अंशांच्या वर न जाणाऱ्या पाण्यात धरतात. ओळखीसाठी मासा पाण्याने भरलेल्या पारदर्शक डब्यात ठेवतो. पंख तिथे आपोआप उघडतात. चोर बोंबलाच्या कुळातले मासे वरून सारखेच दिसतात. पोटाखालच्या पंखात नऊ किरण, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या काड्या, आतले-बाहेरचे जवळपास सारख्या लांबीचे, तर सॉरिडा हा गट. आठ, आणि आतले बरेच लांब, तर सिनोडस हा गट. म्हणून एक फोटो अंगाचा, एक पोटाकडून, एक जबड्याचा, पट्टीसह.

10 मीटर खोलीवरून वर आलेल्या माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली हवा दुपटीने फुगते, म्हणून खोलातून मी सावकाश ओढतो आणि लगेच सोडतो. चोर बोंबलाला हवेची पिशवीच नसते, तो तसाच खाली सूर मारतो. फोटोवरून किरण मोजता आले नाहीत तर यादीत जात लिहीत नाही, फक्त कुळ लिहितो.